शरीरातल्या ऊती : वर्गात, वावरात आणि पानठेल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. ऊतींचा धडा आला की वर्गात फारसे प्रश्न येत नाहीत. पोरं चार नावं पाठ करतात, आकृती काढतात, मोकळी होतात. प्रश्न येतात ते शाळा सुटल्यावर. कोणाच्या आईचा गुडघा, कोणाच्या काकाचं न उघडणारं तोंड, कोणाचा बंडीवरून पडलेला भाऊ. विचारायची तऱ्हा वेगळी, पण मुद्दा बहुतेक वेळा एकच असतो : हे पुन्हा भरून येते का जी? त्याचं उत्तर जखम केवढी आहे यापेक्षा ती कोणत्या ऊतीला झाली यावर जास्त ठरतं. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एका जागी लिहिले आहेत. मी मास्तर आहे, डॉक्टर नाही. हे वाचून कोणी आपली गोळी बंद करू नये.

ऊती म्हणजे नेमकं काय?

एका घडणीच्या, एकाच कामाला जुंपलेल्या पेशींचा समूह, आणि त्या पेशींच्या मधे त्यांनीच भरलेला मालमसाला, हे दोन्ही मिळून ऊती. कुठे मसाला जवळजवळ नसतोच, पेशीला पेशी खेटून असते. कुठे मसालाच जास्त आणि पेशी तुरळक, उदाहरणार्थ हाड.

शब्द मात्र मोठा छान आहे. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे, त्यावरून ऊती म्हणजे वीण. आपण ‘ओतप्रोत’ म्हणतो, त्यातही हेच उभे-आडवे धागे आहेत. इंग्रजीतला ‘टिश्यू’ही फ्रेंचमधल्या विणलेल्या कापडाच्या शब्दावरून आला. कापसाच्या मुलखात हे समजवायला फार वेळ लागू नये : सूत तेच, पण धोतराची वीण वेगळी, सतरंजीची वेगळी, मच्छरदाणीची वेगळी. फाटल्यावर रफू कसं बसेल हेही विणीवरच ठरतं.

फक्त चारच प्रकार? एवढ्या मोठ्या शरीरात?

ढोबळ हिशेबाने चारच. अभिस्तर ऊती झाकते आणि स्राव सोडते. संयोजी ऊती जोडते, आधार देते, साठवते, वाहून नेते. स्नायू ऊती आखडते आणि सैल होते, त्यातून हालचाल होते. चेता ऊती निरोप नेते-आणते. प्रत्येकीच्या पोटात उपप्रकार आहेतच, आणि परीक्षेत गुण तिथेच जातात.

फ्रान्समधला झेव्हिए बिशा हा वैद्य १८०० च्या आसपास २१ प्रकार मोजत होता. गंमत म्हणजे त्याचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. प्रेतं चिरून, उकळून, वाळवून, आम्लात बुडवून त्याने नुसत्या डोळ्यांनी हे ताडलं. वयाच्या तिसाव्या वर्षी, १८०२ मध्ये तो गेला. आजार अख्ख्या अवयवाला होत नाही, त्या अवयवातल्या एखाद्या ऊतीला होतो, ही त्याची मोठी कल्पना. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं तिच्याच आधारावर आहे.

हिंदी व्हिडिओत ‘पेशी’ म्हणजे वेगळंच सांगतात. खरं कोणतं?

आपल्याकडे हिंदी कानावर सारखी पडते, म्हणून हा घोळ विदर्भातल्या पोरांचाच जास्त होतो. मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत सेलला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे स्नायू. दोन्ही आपापल्या घरी बरोबर. उत्तरपत्रिका मराठी असेल तर मराठी अर्थ धरा.

याहून मोठा घोळ आपल्या ‘नस’ या शब्दाचा आहे. ‘नस सापडत नाही’ म्हणते सिस्टर, तेव्हा ती रक्तवाहिनी असते. ‘कमरेची नस दबली’ यातली नस म्हणजे चेता. ‘पायाची नस चढली’ म्हणजे स्नायूला आलेला गोळा. ‘टाचेची नस तुटली’ म्हणजे स्नायूरज्जू, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. चार वेगळ्या वस्तू, शब्द एक. दवाखान्यात गेल्यावर नुसतं ‘नस दुखते’ म्हणू नका. कुठे, कधी, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, ते सांगा. डॉक्टरला त्याच्यावरून ऊती ओळखता येते.

कातडी रोज झडते, तर संपत काऊन नाही?

कारण खालून नवी येत राहते. कातडीचा वरचा थर म्हणजे अभिस्तर ऊती, पेशींच्या अनेक रांगा एकावर एक. सगळ्यात खालची रांग सतत विभागते, नव्या पेशी वर ढकलल्या जातात, वर येता येता चपट्या होतात, मरतात आणि साल निघावी तशा गळतात. खालून वर यायला साधारण महिना-दीड महिना लागतो. आतड्याच्या आतलं अस्तर तर तीन ते पाच दिवसांत बदलतं. कॅन्सरच्या काही औषधांनी तोंड येतं, जुलाब लागतात, केस गळतात, त्याचं कारण हेच : भराभर विभागणाऱ्या पेशींवर ती औषधं पडतात आणि चांगल्या पेशीही सोबत भरडल्या जातात.

कुदळ-विळ्याने तळहाताला घट्टे पडतात तेही अभिस्तराचंच काम. जिथे रोज घासलं जातं तिथे तो जाड होतो. उन्हाळ्याच्या सुटीत मामाकडे गेलेल्या पोराचे घट्टे महिन्याभरात मऊ पडतात, ते उगाच नाही.

वेचणीत बोटं ओरबाडतात. कधी रक्त येतं, कधी नाही. डाग कधी राहतो, कधी नाही. असं का?

अभिस्तर ऊतीत रक्तवाहिन्या नसतातच. तिला अन्न खालच्या थरातून झिरपून मिळतं. वाळक्या बोंडाच्या टोकाने नुसतं वरवर ओरबाडलं तर रक्त येत नाही, आणि आठवड्यात तिथे काही झालं होतं हेही कळत नाही. ओरखडा खालच्या संयोजी ऊतीपर्यंत गेला की रक्त येतं. ती ऊती घाईघाईत कोलॅजन नावाच्या धाग्यांनी खड्डा बुजवते. हा गचाळ रफू म्हणजे व्रण. त्यावर केस उगवत नाही, घाम येत नाही, कारण केसाचं मूळ आणि घामाची ग्रंथी तिथे पुन्हा तयार होत नाही.

जखमेवर माती, राख, शेण, तंबाखू दाबायची सवय सोडा. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुणं हे सगळ्यांत पहिलं. मग धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा.

खर्रा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं का होतं? बंद केल्यावर उघडते का जी?

हा प्रश्न मला पानठेल्यावरच विचारला गेला, आणि विचारणाऱ्याच्या हातात पन्नी होती. म्हणून जरा सविस्तर.

गालाच्या आतल्या बाजूला पातळ, ओला अभिस्तर असतो. त्याच्या खाली सैल, लवचीक संयोजी ऊती. तोंड मोठं उघडताना गाल ताणला जातो तो या लवचिकपणामुळे. आता खऱ्र्यात काय असतं? सुपारी, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत घोटलेलं. लोक तंबाखूला दोष देतात आणि सुपारीला पाहुणचाराची वस्तू समजतात. पण गाल आखडवण्याचं काम मुख्यतः सुपारी करते. तिच्यातलं अरेकोलीन हे रसायन संयोजी ऊतीतल्या धागे विणणाऱ्या पेशींना चेतवतं. त्या गरजेपेक्षा जास्त कोलॅजन विणतात, आणि जुनं कोलॅजन मोडून काढायचं काम मंदावतं. वर चुन्याने आणि सुपारीच्या कडांनी अभिस्तर रोज सोलवटतोच. हळूहळू मऊ गालाची ताडपत्री होते. गाल पांढुरका दिसतो, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात, तिखट झोंबतं. सावजी रस्सा खाणाऱ्या माणसाला साधी भाजी झोंबायला लागली तर ती चेष्टेची गोष्ट नाही.

घरी करायची एक तपासणी : आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. सहज जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जा.

बंद केल्यावर उघडतं का? खरं सांगायचं तर, जे धागे विणले गेले ते बहुतांशी तसेच राहतात. व्यायामाने, औषधाने, कधी शस्त्रक्रियेने तोंड थोडं जास्त उघडता येतं. पण बंद केल्याने पुढचं विणणं थांबतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅन्सरचा धोका कमी होतो. हा आजार कॅन्सर नाही, पण कॅन्सर व्हायला लागणारी जमीन तो तयार करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कॅन्सरकारक म्हटलं आहे. गडचिरोलीत दारू-तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ हे काम २०१६ पासून चाललं आहे. आमच्या गावात तसं काही नाही, फक्त मास्तर आहे, आणि मास्तरचं कोण ऐकतं?

डॉक्टर तोंडातला तुकडा काढून तपासायला पाठवतो म्हणतात. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ना?

या भीतीपायी माणसं सहा-सहा महिने घालवतात. गालातल्या, जिभेवरच्या चट्ट्याचा छोटा तुकडा काढल्याने कॅन्सर होत नाही, आणि पसरेल म्हणून तपासणी टाळावी असंही काही नाही. पसरतो तो वाट पाहण्यात.

तुकड्याचं पुढे काय होतं तेही ऐका, म्हणजे भीती जाईल. तो फॉर्मेलिनमध्ये टाकतात, म्हणजे सडत नाही. मग त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात आणि यंत्राने त्याच्या चकत्या पाडतात. एक चकती तीन ते पाच मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचे दोनशे-तीनशे भाग केले तर त्यातला एक. दोन रंग घालतात. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, बाकीचं गुलाबी. मग डॉक्टर बघतात की अभिस्तराच्या पेशी आपल्या रांगेत आहेत, की खालचा बांध फोडून संयोजी ऊतीत घुसल्या आहेत. धुऱ्याच्या आत आहे तोवर गोष्ट वेगळी, धुरा ओलांडला की वेगळी.

फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधतो. मग विष जातं कुठून?

कातडीतून. अभिस्तर पाणी बऱ्यापैकी अडवतो, पण तेलात विरघळणारी अनेक कीटकनाशकं त्यातून आत झिरपतात. ऊन, घाम आणि पाठीवरच्या गळक्या पंपाने भिजलेला सदरा, हे तिन्ही एकत्र आले की झिरपणं वाढतं. कातडीही सगळीकडे सारखी नसते. तळहाताची जाड, जांघेतली पातळ. रुमाल तर ओला झाला की उलट विष धरून ठेवतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं चेता ऊतीवर वार करतात. चेतातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देतो तेव्हा एक रसायन सोडतो. काम झालं की एक विकर (एन्झाइम) ते रसायन लगेच मोडून टाकतं. विष या विकरालाच बांधून ठेवतं, म्हणून निरोप थांबतच नाही. लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते इथे कोणाला सांगायला नको. असं वाटलं तर आधी भिजलेले कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. डबा महत्त्वाचा, कारण उतारा त्यावरच्या नावावरून ठरतो.

हाड जितं रायते का सर?

राहते तर! वाळलेलं हाड पाहून आपल्याला दगड वाटतो. जिवंत हाडात रक्तवाहिन्या आहेत, चेता आहेत, पेशी आहेत. हाड म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांवर कॅल्शियम-फॉस्फेटचा गिलावा. कुडाच्या भिंतीत तुराट्या आणि माती असते तसं : तुराट्या नसतील तर माती फुटते, माती नसेल तर तुराट्या वाकतात. काही पेशी जुनं हाड खात असतात, काही नवं घालत असतात, त्यामुळे सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो.

म्हणूनच हाड जुळतं, आणि व्रण न ठेवता जुळतं. हा मान फार थोड्या ऊतींना आहे. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, मग मऊ कास्थीचा, म्हणजे कूर्चेचा, गठ्ठा तयार होतो, मग तो हाडाचा होतो, आणि पुढचे कित्येक महिने तो गठ्ठा तासून-तासून मूळ आकारावर आणला जातो. मनगट सहा-आठ आठवड्यांत धरतं, मांडीचं हाड तीन-चार महिने किंवा जास्तही घेतं. लहान पोरांचं लवकर.

आता हाडवैद्याची गोष्ट. गावागावात कोणी तरी कामट्या बांधून देतो, आणि पुष्कळ हाडं जुळतातही, कारण हाड मुळातच जुळणारी ऊती आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक, वाकडं बसवलं तर ते वाकडंच जुळतं. दोन, पट्टी आवळून बांधली तर पुढचं रक्त बंद होतं. बोटं काळी-निळी, गार, बधिर पडली तर पट्टी त्याच क्षणी सोडा, वैद्य किती का नावाजलेला असेना. मोडल्या जागी मालीशही नको.

मग गुडघ्यातली गादी काऊन भरत नाही?

बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न आला नाही असं कधी होत नाही. उकिडवं बसून निंदण करण्यात ज्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली त्यांना हे विचारायचा पुरेपूर हक्क आहे.

हाडांच्या टोकांवर कास्थीचं गुळगुळीत आवरण असतं, बर्फापेक्षाही निसरडं. तीही संयोजी ऊतीच, हाडाची सख्खी बहीण. फरक असा की कास्थीत रक्तवाहिनी नाही आणि चेताही नाही. अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, तेही दाब पडला-सुटला की स्पंजसारखं आत-बाहेर होऊन. रक्तच नाही म्हटल्यावर डागडुजीचा माल यायचा कुठून? म्हणून हाड तीन महिन्यांत जुळतं आणि त्याच्याच टोकावरची कास्थी तीस वर्षांत भरत नाही. चेता नसल्याने ती झिजताना दुखतही नाही. दुखायला लागतं तेव्हा आसपासच्या ऊतींपर्यंत गोष्ट गेलेली असते.

माझी आई म्हणायची की दुखतं तर हलवूच नये. पटायचं मलाही, पण कास्थीला अन्न हालचालीनेच मिळतं, त्यामुळे पूर्ण बसून राहणं उलट अंगावर येतं. सपाट जमिनीवर चालणं, मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम, वजन थोडं कमी करणं, निंदताना बसायला पाटा किंवा छोटं स्टूल घेणं, हे सगळं कामाचं. गादी पुन्हा उगवते असं सांगून तेल किंवा चूर्ण विकणारा बाजारात भेटला तर त्याला माझ्याकडे पाठवा.

स्नायूरज्जू आणि अस्थिबंध यात पोरं नेहमी गडबडतात.

स्नायूरज्जू स्नायूला हाडाशी बांधतो, अस्थिबंध हाडाला हाडाशी. पाय मुरगळतो तेव्हा ताणतो तो अस्थिबंध. दोघांनाही रक्तपुरवठा बेताचा, म्हणून लचक कधी कधी मोडलेल्या हाडापेक्षा जास्त दिवस रेंगाळते.

रक्त तर वाहतं. ते ऊती कसं?

पेशी आहेत, मधला मसाला आहे. मसाला द्रव आहे एवढंच. निम्म्याहून थोडा जास्त भाग प्लाझ्मा, बाकी पेशी. मोठ्या माणसात साधारण पाच लिटर. तांबडी पेशी १२० दिवस जगते आणि अस्थिमज्जा रोज नव्या घालते. म्हणून रक्तदानाने कोणी ‘रिकामा’ होत नाही. पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं.

आमच्याकडे सिकलसेल फार. तो कोणत्या ऊतीचा आजार?

रक्ताचा, पण त्रास हाडापासून प्लीहेपर्यंत सगळीकडे. हिमोग्लोबिनच्या लांब साखळीतला सहाव्या जागेवरचा एकच मणी बदललेला असतो. ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या होतात आणि गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. बारीक रक्तवाहिनीत विळे अडकतात. पुढच्या ऊतीला रक्त मिळत नाही, तेच ते हाडं फोडणारं दुखणं. शिवाय अशी पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसच टिकते, म्हणून अंगात रक्त राहत नाही. पाणी कमी पिणं, थंडी, ताप, अंगमोड काम यांनी दुखणं उसळतं.

हा संसर्ग नाही, शाप नाही आणि एका जातीचाही नाही, जरी पूर्व विदर्भात काही समाजांत जास्त दिसतो. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची, चारांत दोन वाहकाची, चारांत एक पूर्ण निरोगी मुलाची. ‘पहिलं आजारी झालं, आता तीन चांगले होतील’ हा हिशेब चूक. नाणं दर वेळी नव्याने उडतं. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. लग्नाआधी पत्रिका बघता तशी रक्ताची चाचणी बघा. पत्रिका जुळली नाही तरी चालेल, असं माझं मत.

चरबी म्हणजे नुसता कचरा ना?

नाही. तीही संयोजी ऊतीच. उपासाच्या दिवसांची शिदोरी, मूत्रपिंडाभोवतीची गादी, अंगावरची गोधडी. भूक आवरणारं लेप्टीन हे संप्रेरकही तिथेच बनतं, हे १९९४ मध्ये कळलं. पोटावर टोपलीभर झाली की मात्र शिदोरीचं ओझं होतं.

हात थकतो, हृदय थकत नाही. आणि झटका आल्यावर ते पहिल्यासारखं का होत नाही?

स्नायू तीन तऱ्हेचे. हाडांवरचे आपल्या हुकमातले. आतड्याचे, रक्तवाहिन्यांचे हुकमाबाहेरचे. आणि हृदयाचा तिसराच : पट्टे हुकमातल्या स्नायूसारखे, पण हुकूम कोणाचाच नाही. मिनिटाला सत्तर धरले तर दिवसाला लाखभर ठोके. त्याच्या पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात आणि दोन ठोक्यांमधे त्याला विसावाही मिळतो.

दंडाच्या स्नायूशेजारी राखीव पेशी झोपलेल्या असतात. इजा झाली की त्या उठतात. हृदयात अशी फौज जवळजवळ नाही. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे मोजलं, तेही मोठ्या युक्तीने : शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेत पसरलेला कार्बन-१४ पेशींत किती उतरला आहे यावरून पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण शंभरातली एक हृदयपेशी बदलते, म्हातारपणी त्याच्या निम्मीही नाही. म्हणून झटक्यात मेलेल्या भागावर व्रणाचं ठिगळ बसतं. ठिगळ हृदयाला धरून ठेवतं, पण आखडत नाही. छाती दाबल्यासारखी वाटते तेव्हा ‘गॅस असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. दर मिनिटाला ज्या पेशी जातात त्या परत येत नाहीत.

साप चावला तर विष कुठे जातं?

कोणता साप त्यावर. मण्यार आणि नाग यांचं विष चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर बसतं : पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, शेवटी श्वास. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही. सकाळी पोट दुखतं आणि घरचे अजीर्ण समजतात. घोणस आणि फुरसं रक्त ऊतीवर जातात : रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून येतं. घोणशीचं विष मूत्रपिंडंही बसवतं. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर कळलंच. चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, तेव्हा साप मारून सोबत न्यायची गरज नाही. चिरू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. नाग किंवा घोणस असेल तर दंशाजवळची ऊती आधीच मरत असते, दोरीने ती आणखी मरते. पाय फळीला सैल बांधून, न चालवता न्या.

अंगावर फिक्कट चट्टा आहे, खाजत नाही, दुखत नाही. मग कशाला दाखवायचा?

दुखत नाही म्हणूनच. कुष्ठरोगाचे जंतू कातडी आणि तिच्यातल्या चेतांमध्ये राहतात, चेतातंतूंवर वेष्टण घालणाऱ्या पेशींत घर करतात. त्या जागी स्पर्श कळेनासा होतो, घाम येत नाही. मग चुलीचा चटका कळत नाही, काटा कळत नाही. बोटं ‘गळतात’ ती रोगाने नाही, न कळलेल्या जखमांनी. दत्तपूरचं कुष्ठधाम, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन. या कामाची माणसं आपल्याच मातीत झाली, तरी चट्टा लपवायची खोड गेलेली नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर.

लवकर का, तर चेता ऊती भरून यायला फार कंजूष. मेंदू आणि मेरुरज्जूत तुटलेला तंतू जवळजवळ पुन्हा वाढत नाही. हातापायातला वाढतो, पण दिवसाला मिलिमीटरभर. कोपराजवळ कापलेली चेता बोटापर्यंत पोचायला चाळीस सेंटिमीटर, म्हणजे चारशे दिवस, आणि तेही वाट मोकळी सापडली तर.

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक बिघडलेला आहे. ऊती दाखवायच्या कशा?

रविवारी कोणाच्या घरी कोंबडी होते ते विचारा आणि पंजासकट एक अख्खी तंगडी शिजवण्याआधी मागून घ्या. कातडी सोला : अभिस्तर आणि त्याखालची पिवळी चरबी. लाल मांस म्हणजे स्नायू, त्याच्या टोकाची चकाकती पांढरी दोरी म्हणजे स्नायूरज्जू. ती ओढली की पंजाची बोटं मिटतात, आणि वर्ग ओरडतो. सांध्यावरची निळसर-पांढरी चकचकीत टोपी कास्थी. मांसाच्या मधे दोऱ्यासारखी पांढरी चेता शोधायला लावा, जो शोधेल त्याला पाच गुण. हाड फोडा, आत मज्जा. उरलेलं दुसरं हाड धुऊन आठवडाभर व्हिनेगरात ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. गिलावा विरघळतो, तुराट्या उरतात आणि हाड रबरासारखं वाकतं. शाकाहारी घरची पोरं लांब बसली तर बसू द्या. हाड वाकवायची वेळ आली की तीच पहिल्या रांगेत असतात.